दिगंबर आणि नागवा

आमच्या घरात या विषयावर दर दोन-चार वर्षांनी भांडण होतं. २०२० साली मिलिंद सोमणने पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर नागडं धावतानाचा फोटो टाकला, तेव्हा झालं. २०२२ मध्ये रणवीर सिंगच्या फोटोंवरून चेंबूरला गुन्हा दाखल झाला, तेव्हा झालं. आणि परवाच्या दिवाळीत जर्मनीहून आलेल्या माझ्या भाच्याने चकली मोडता मोडता सहज सांगितलं, की उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको बाल्टिक समुद्राकाठी, जिथे कुणी कपडे घालत नाही अशा किनाऱ्यावर चार दिवस राहून आले. भावोजींच्या हातातला लाडू हातातच राहिला. मग नेहमीचा फड रंगला. भावोजी म्हणाले, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. भाचा म्हणाला, मग खजुराहो काय जर्मनांनी बांधलं? भावोजी म्हणाले, कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलंत तुम्ही. भाचा म्हणाला, कुंभमेळ्यात नागा साधू आले की तुम्हीच हात जोडता. एवढं होईपर्यंत चहा निवला.

दोन्ही बाजूंची वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्यांना कपड्यांवाचून राहायचं आहे त्यांना त्यासाठी ठरवून दिलेली जागा असायला माझी हरकत नाही, आणि नुसत्या नग्नतेला कायद्याने गुन्हा म्हणू नये. पण कपडे उतरवले की माणूस मोकळा होतो, हा निसर्गवादी म्हणवणाऱ्या, म्हणजे कपड्यांवाचून राहण्याचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीचा दावा मला पटत नाही. तिथे जे सुख मिळतं ते अंगावरचं कापड गेल्याचं नसतं, अंगावरची लोकांची नजर गेल्याचं असतं. ती नजर घालवायची तर शिस्त बघणाऱ्याला लावावी लागते. आपण मात्र उतरवणाऱ्यालाच धरून बसतो. कुणी त्याला शिव्या देतं, कुणी हार घालतं.

आधी खजुराहोचा निकाल लावू, कारण तो दाखला दिला की वाद जिंकला असं तरुण मंडळींना वाटतं. देवळाच्या भिंतीवर राजाच्या पैशाने कोरलेली मूर्ती आणि भर रस्त्यातली जिवंत बाई यांची तुलना कशी करायची? दगडातल्या अप्सरेला संध्याकाळी घरी जाऊन सासूला तोंड द्यायचं नसतं. त्या शिल्पांवरून त्या काळचे कारागीर आणि त्यांचे आश्रयदाते कशाला लाजत नव्हते एवढं कळतं. त्या काळच्या बाईला कशाची मुभा होती, ते कळत नाही.

साधूंचा दाखलाही असाच अर्धवट असतो. जैन दिगंबर मुनींचंच बघा, त्यांनी पाळायचे मूलगुण अठ्ठावीस. नग्नता हा त्यांतला एक. उरलेल्यांत डोक्याचे केस हाताने उपटणं आहे, जमिनीवर झोपणं आहे, आंघोळ वर्ज्य करणं आहे, दिवसातून एकदाच, तेही उभ्याने, ओंजळीत घेऊन जेवणं आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी विहार करणारे मुनी लहानपणापासून पाहिलेले असतात, त्यांना हे सांगायला नको. सत्तावीस गुण सोडून अठ्ठाविसावा तेवढा सुट्टीवर जाताना बरोबर घ्यायचा आणि त्याला परंपरा म्हणायचं, हे जमणार नाही. सुट्टीवर जाणाऱ्याने सुट्टीवर जावं, त्यासाठी त्याला मुनींची शिफारस कशाला हवी? आणि परंपरेचा हवाला द्यायचाच तर पुरता द्यावा. त्याच दिगंबर परंपरेत आर्यिकेला, म्हणजे साध्वीला, पांढरी साडी सोडता येत नाही आणि स्त्रीदेहातून थेट मोक्ष नाही असं मानतात. वस्त्र सोडता न येणं हे त्याचं एक कारण. म्हणजे दिशा पांघरायच्या त्या पुरुषांनी.

तरीही या सगळ्याहून शहाणी गोष्ट आपल्या भाषेत आधीपासून आहे. मराठीत उघड्या अंगाला दोन टोकांचे दोन शब्द आहेत. एक दिगंबर. हे आपण मुलाचं नाव ठेवतो, दत्ताच्या देवळात गजर करतो. दुसरा नागवा. त्यावरून नागवणे हे क्रियापद झालं, आणि त्याचा अर्थ लुटणे. सावकाराने नागवलं, दलालाने नागवलं. शरीर दोन्हीकडे तेच. एकाने आपलं वस्त्र आपण होऊन टाकलं, दुसऱ्याचं कुणीतरी ओढून नेलं. वर्तमानपत्रात ‘नग्न धिंड’ असे दोन शब्द वाचले की पोटात गोळा येतो तो या दुसऱ्या अर्थामुळे. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये दोन स्त्रियांची जमावाने धिंड काढली आणि जुलैत त्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. त्याच मणिपुरात १५ जुलै २००४ रोजी बारा स्त्रिया इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात, सैन्याच्या तळासमोर, निषेध म्हणून स्वतःचे कपडे उतरवून उभ्या राहिल्या होत्या आणि समोरच्या सैनिकांना मान वर करता येईना. नग्नता एकच असती तर या दोन घटनांना एकच नाव द्यावं लागलं असतं.

आता त्या चळवळीची खरी बाजू. ती मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी मी भाच्याकडे म्युनिकला महिनाभर होते. तिथे शहराच्या मधोमध इंग्लिश गार्डन नावाचं अफाट उद्यान आहे आणि त्यातल्या एका कुरणावर लोक कपडे काढून उन्हात पडतात. मी वाट चुकून तिथे पोचले. साठीचा एक गृहस्थ, पोट सुटलेलं, पँट आणि शर्ट घडी करून शेजारी ठेवलेले, मोजे बुटांत नीट खोचलेले, पालथा पडून वर्तमानपत्र वाचत होता. दुपारच्या सुट्टीत कचेरीतून आला असावा. त्याच्यापासून चार हातांवर दोन बायका सफरचंद खात गप्पा मारत होत्या. पायवाटेवरून सायकली जात होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बघत होते ती मी एकटी, आणि त्या सबंध कुरणावर असभ्य असं कुणी असेल तर तीही मीच, हे मला दोन मिनिटांनी कळलं.

मग भाचेसुनेने मला बायकांसाठी राखीव वार बघून सॉनाला नेलं. दारावर पाटी, आत पोहण्याचा पोशाख चालणार नाही. मी टॉवेल छातीशी असा धरला होता की जणू त्याच्यावर कुणी जप्ती आणणार आहे. पाच मिनिटांत एक म्हातारी माझ्यावर खेकसली. मला वाटलं, मी अंग झाकलं म्हणून. तर नाही, माझं एक पाऊल टॉवेलच्या बाहेर लाकडी फळीवर टेकलं होतं आणि घाम लाकडाला लागू द्यायचा नाही हा तिथला नियम. मी मुकाट्याने टॉवेल सोडला आणि अंगाखाली अंथरला. समोरच्या फळीवर पन्नाशीची एक बाई बसली होती. तिचा एक स्तन शस्त्रक्रियेत गेलेला, व्रण काखेपर्यंत. ती तो लपवत नव्हती, दाखवतही नव्हती. मला माझी धाकटी मावशी आठवली. तशाच ऑपरेशननंतर ती अकरा वर्षं जगली आणि त्या अकरा वर्षांत, खोलीत मी किंवा आई असलो तरी, भिंतीकडे तोंड करून पोलक्यात रुमालाची घडी खोचायची. तिला एक दुपार त्या फळीवर बसायला मिळायला हवी होती, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. जाहिरातींतली शरीरं बघून स्वतःच्या शरीराचा राग राग करणाऱ्या मुलींना दहा सामान्य बायकांची दहा सामान्य शरीरं दिसणं किती औषधी आहे, याबद्दल त्या चळवळीचं म्हणणं मला शब्दशः मान्य आहे.

पण हे जमलं कशामुळे? तिथे कॅमेऱ्याला बंदी होती. टक लावून बघणाऱ्याला बाहेर काढतात. टॉवेल कुठे, पाय कुठे, किती वेळ, गप्पा किती आवाजात, या सगळ्याचे नियम. मी इतक्या नियमांत कपडे घालूनही कधी बसले नव्हते. आंतरराष्ट्रीय निसर्गवादी महासंघाने १९७४ साली फ्रान्समधल्या आग्द इथे आपली व्याख्या ठरवली, तिच्यातही सामूहिक नग्नतेचा हेतू स्वतःचा आदर, इतरांचा आदर आणि पर्यावरणाचा आदर असा सांगितला आहे. व्याख्येत तीनदा आदर आला आहे. ही मोकळीक म्हणजे एक करार आहे, आणि करार मोडणाऱ्याला हाकलता येतं म्हणून ती टिकते. कपडे ही बेडी आहे आणि ती तोडली की आतला स्वतंत्र माणूस बाहेर येतो, ही कविता झाली.

या कवितेची सुरुवात कुठे झाली ठाऊक आहे? आपल्या माथेरानला. जगातला पहिला निसर्गवादी क्लब म्हणून ज्याची नोंद सापडते तो १८९१ साली मुंबई इलाख्यात निघाला. स्थापणारा चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड, जिल्हा व सत्र न्यायाधीश. सभासद तीन: तो स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. साहेबाची बदली रत्नागिरीला झाली आणि क्लब मोडला. १८९४ मध्ये तो वारलाही. विधुर, एकाकी माणूस होता, त्याची थट्टा करायची नाही. पण त्या डोंगरावरचं चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. माथेरानच्या उतारांवरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतली माणसं लंगोटीवर वावरत होती, त्याच वेशात साहेबलोकांचं सामान वाहत होती. त्यांच्या उघड्या अंगाला सरकारी दप्तरात रानटीपणा म्हणत. न्यायाधीशाच्या उघड्या अंगाला तत्त्वज्ञान. फरक काय होता? न्यायाधीशाला सोमवारी कोट घालून कचेरीत बसता येत होतं. कातकऱ्याकडे उतरवायला काही नव्हतं आणि घालायलाही.

म्हणून ‘कपडे टाका, मुक्त व्हा’ हे आवाहन ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाला सांगताय? त्रावणकोरमधल्या नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकात कित्येक दशकं झगडावं लागलं. बाजारात त्यांची वस्त्रं फाडली गेली, दंगली झाल्या, आणि १८५९ च्या राजाज्ञेने मुभा दिली तीही वरच्या जातींसारखं वस्त्र नेसायचं नाही या अटीवर. त्यांना कुणी सांगावं की कापड ही बेडी आहे? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकरांनी गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं सोडून वरिष्ठ जातींच्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसायला सांगितलं. नेसण्याच्या पद्धतीवरून जात ओळखू येत होती, ती खूण पुसायची होती. त्या स्त्रियांना ती मोकळीक होती, आणि ती नऊवारी होती.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. तेच बाबासाहेब १९३४ साली र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून निघत होतं, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र, आत लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं, आणि त्यासाठी अश्लीलतेचा खटला. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. महाडच्या बाईला घोट्यापर्यंत नेसायला सांगणारा माणूस कर्व्यांच्या मासिकाची बाजू मांडतो, यात विसंगती आहे का? मला नाही वाटत. आपल्या शरीराचं काय करायचं, ते किती झाकायचं, त्याबद्दल काय वाचायचं, हे गावचा पाटील किंवा पोलीस ठरवणार नाही, एवढंच दोन्हीकडे म्हणणं आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे हा वाद या पातळीवर चालला होता. आज आपण खजुराहो आणि लाडूवर आलो आहोत.

आणखी एक भाबडी समजूत आहे, की अंगावरून कपडे गेले की मनातून भेदभावही जातात. जर्मनीचाच इतिहास याला नडतो. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नग्नसंस्कृतीचा प्रचार करणाऱ्यांत रिखार्ड उंगेविटर होता, ज्याला नग्नता हवी होती ती वंशशुद्धीसाठी. निरोगी जर्मनाने निरोगी जर्मन नीट पाहून निवडावी म्हणून. त्याच देशात बर्लिनचा आडोल्फ कॉख हा समाजवादी शिक्षक कामगारांच्या मुलांना उघड्या अंगाने व्यायाम शिकवत होता, कारण अंधाऱ्या खुराड्यांत वाढलेल्या त्या पोरांना ऊन मिळत नव्हतं. मार्च १९३३ मध्ये ग्योरिंगने नग्नसंस्कृतीविरुद्ध फर्मान काढलं, कॉखच्या शाळेला टाळं लागलं. पण वंशाभिमानाची पुटं चढवलेली नग्नता नाझी राजवटीत पुन्हा हळूच आत आली. पुढे पूर्व जर्मनीत तर भिंतीआड कोंडलेली माणसं किनाऱ्यावर मात्र बिनदिक्कत नागडी पोहत. भाचा म्हणतो, ती त्यांची तेवढीच मोकळीक होती. असेल. पण सरकारलाही ती परवडली हे विसरू नये. चड्डी काढायला परवानगी, तोंड उघडायला नाही.

आता भावोजींच्या बाजूने बोलते, कारण त्यांचा एक मुद्दा खणखणीत आहे आणि तो त्यांना मांडता येत नाही, ते संस्कृतीवर घसरतात. सार्वजनिक जागा सगळ्यांची असते आणि ज्याला बघायचं नाही त्याला डोळे मिटून चालायला लावणं हीही जबरदस्तीच. ब्रिटनमधला स्टीव्हन गॉफ नावाचा माणूस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त बूट, मोजे आणि पाठपिशवी घालून चालला. पुन्हा पुन्हा अटक होऊन त्याने तुरुंगात वर्षानुवर्षं काढली, आणि २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात हरला. न्यायालयाने त्याचं वागणं ही अभिव्यक्ती आहे हे मान्य केलं, पण ती इतरांवर लादायचा हक्क दिला नाही. मला तो निकाल बरोबर वाटतो, शिक्षेचा काळ मात्र अघोरी. आपल्याकडे गोव्याने हे भोगलं आहे. हणजूण, म्हणजे पर्यटकांचं अंजुना, तिथे साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी उघड्याने समुद्रात उतरू लागले तेव्हा गावातल्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, आणि त्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं? आणि मग त्यांच्या मागून बसगाड्या भरभरून आमचेच सभ्य लोक आले, नागडे गोरे बघायला. हिप्पी मोकळे झाले असतील. गाव मात्र दोन्हीकडून नागवला गेला, आधी येणाऱ्यांनी आणि मग बघणाऱ्यांनी.

म्हणून जागा ठरलेली असावी, माहीत असलेली असावी, जाणारा आपण होऊन गेलेला असावा. हे नीट केलं तर कायदाही फार आडवा येऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये, म्हणजे जुन्या २९४ मध्ये, सार्वजनिक ठिकाणचं ‘अश्लील कृत्य’ आणि त्यातून ‘इतरांना त्रास’ या दोन्ही गोष्टी लागतात. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नग्न म्हणजे अश्लील असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न छायाचित्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मुंबईच्या प्रकरणात तर कस्टमवाल्यांनी सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची चित्रं अश्लील म्हणून अडकवून ठेवली होती. गोव्याच्या मातीतल्या सूझाचं चित्र मुंबईच्या गोदामात गुन्हेगारासारखं पडून होतं. न्यायालयं पुढे गेली आहेत, फौजदार तिथेच आहेत आणि तक्रार घेऊन त्यांच्याकडे धावणारे आपण त्यांच्याही मागे.

‘आपल्याकडे हे चालणारच नाही, आपले पुरुष तसे नाहीत’ असं बायकाही म्हणतात. माझी जाऊ म्हणाली. हे मला सगळ्यांत कठीण जातं, कारण ते बव्हंशी खरं आहे. फक्त ते नग्नतेविरुद्ध वापरता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या, ओल्या साडीतल्या, अंगभर कपड्यांतल्या बायकांची चित्रणं काढून ती समाजमाध्यमांवर टाकल्याबद्दल आणि विकल्याबद्दल उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. त्या बायकांनी काय उतरवलं होतं? साडी, पदर, संस्कृती, सगळं जागच्या जागी होतं. म्युनिकच्या कुरणावरचा तो गृहस्थ पूर्ण उघडा असून नागवा नव्हता आणि गंगेतली ती आजी पूर्ण झाकलेली असून नागवली गेली.

आणि जी शिस्त परदेशातून आणावी लागेल असं भाच्याला वाटतं, ती आपल्याकडे घाटाघाटावर होती. माझी आई नृसिंहवाडीला संगमावर आंघोळ करून उघड्यावर लुगडं बदलायची. कोरड्या लुगड्याचं एक टोक दातांत, दुसरं खांद्यावरून, ओलं खालून सुटत जायचं आणि कोरडं वरून चढत जायचं, निऱ्या घातल्या की झालं, मिनिटभराचं काम. अवतीभवती शेकडो पुरुष, कुणी संध्या करतंय, कुणी पंचा पिळतंय, आणि त्या मिनिटापुरती सगळ्यांची तोंडं नदीकडे. कुणी शिकवलेलं नव्हतं, पाटी लावलेली नव्हती. एखाद्या पोराची नजर वळलीच तर शेजारचा म्हातारा पाठीत धपाटा घालायचा.

गेल्या वर्षी दत्तजयंतीला आम्ही वाडीला गेलो होतो. जावेला आणि मला बुडी मारायची होती. वर देवळात ‘दिगंबरा दिगंबरा’चा गजर चालला होता. साड्या बदलायच्या वेळी नणंदेने पिशवीतून दुपटी चादर काढली आणि आमच्यासमोर धरली. मी म्हटलं, अगं, इथे कोण बघतंय? सगळे तर नदीकडे तोंड करून उभे आहेत. ती म्हणाली, ‘वैनी, त्यांच्यासाठी नाही धरली,’ आणि हनुवटीने वर पायऱ्यांकडे दाखवलं. तिथे पाच-सहा पोरं संगमाचा व्हिडिओ काढत उभी होती.